तिसऱ्या मजल्यावरची दुनळी

४ मार्च, सोमवार

ही डायरी सरांनी दिली. सर म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर, मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. काचा पुरवणाऱ्या कंपनीने त्यांना दोन डायऱ्या पाठवल्या होत्या. म्हणाले, "दिवसभर मला शंका ऐकवतेस, त्यातल्या निम्म्या तरी हिच्यात लिही. माझे कान वाचतील." एका गिऱ्हाइकाचा चष्मा मी नंबराच्या यंत्रावर दोनदा तपासला, त्यावरून हे बोलणं. मी प्रत्येक चष्मा दोनदाच तपासते. चुकीच्या नंबरामुळे कुणी जिन्यावरून पडलं तर जबाबदार कोण?

आज लिहिण्यासारखं खरंच घडलं आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये भरदुपारी चोरी झाली. दुसऱ्या मजल्यावरचे नवरा-बायको कामावर गेले होते. कुलूप तोडून घर धुऊन नेलं. जिन्यावर कुणीतरी अनोळखी माणूस पाहिला होता, पण कुणी हटकलं नाही.

संध्याकाळी सगळे पार्किंगमध्ये जमले. जो तो घाबरलेला. सेक्रेटरी सगळ्यांवर डाफरत होते. हे तेच सेक्रेटरी, ज्यांनी आम्ही इथे राहायला आलो त्याच आठवड्यात बाबांना नवा वॉचमन समजून हातात गाडीची किल्ली दिली होती आणि पुसून ठेवायला सांगितलं होतं. बाबांनी गाडी पुसूनही ठेवली होती. वर येऊन आम्हाला सांगितलं तेव्हा आई हसली, मी रडले.

तर आज आई सगळ्यांसमोर बोलून गेली, "आम्हाला कसली भीती? आमच्या घरात दुनळी बंदूक आहे."

मग सेक्रेटरींनी स्वतः खुर्ची आणून बाबांसमोर ठेवली. "दादा, बसा ना. उभे का?"

बाबा बसले. त्यांचा चेहरा मला नीट वाचता आला नाही. आनंद झाला असावा.

६ मार्च

बंदुकीबद्दल लिहून ठेवते, म्हणजे डोकं जरा रिकामं होईल. बाबा बँकेच्या दारावर पहारा करायचे. तिथे नोकरी हवी असेल तर बंदूक स्वतःची, परवानाही स्वतःचा लागे. लग्नाच्या आधीपासून ती घरात आहे. आई तिला 'माझी सवत' म्हणते. "माझ्या आधी घरात आली, माझ्यापेक्षा जास्त तेलपाणी तिचंच झालं." बाबा निवृत्त झाले तरी ती कपाटावर चादरीत गुंडाळलेली आहे. त्यांनी ती कधी झाडली का, हे मी लहानपणी विचारलं होतं. "बंदूक दाखवायची असते," एवढंच म्हणाले होते.

आता बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना नमस्कार करतात. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी बाबा चढेपर्यंत लिफ्ट थांबवून धरली. आपल्या घरात शिकलेली मीच पहिली, म्हणून मान मिळवायचा तर माझ्या शिक्षणाने मिळेल असं मला वाटत आलं होतं. मिळाला तो बंदुकीमुळे. वाईट वाटू नये, पण वाटलं.

सकाळी बसस्टॉपवर उभी होते तर बाबा गॅलरीतून हातवारे करत होते. पिशवीची चेन उघडी राहिली होती. रोजचंच आहे.

८ मार्च

सेक्रेटरी घरी आले होते. चहा झाला. "दादा, आमची एक विनंती. रोज संध्याकाळी बंदूक खांद्याला लावून गच्चीपासून गेटपर्यंत एक फेरी मारायची. चोरांमध्ये बातमी आपोआप पसरते."

मी म्हणाले, "काका, असं चालतं का? नियम बघायला हवेत."

"अगं, नियम चोरांना लाव. आपण सज्जन माणसं!"

बाबा 'हो'ही म्हणाले नाहीत, 'नाही'ही नाही. सेक्रेटरी गेल्यावर मला म्हणाले, "वकिलीणबाई, बघा काय लिहिलंय नियमात."

मी नियम मोबाइलवर शोधले आणि त्यांना वाचून दाखवले. सोप्या भाषेत सांगायचं तर असं: बंदूक कुलपात ठेवायची, काडतुसं वेगळ्या कुलपात. ज्याच्या नावावर परवाना त्यानेच हात लावायचा. उगाच घेऊन फिरायचं नाही. जिवावर बेतलं, दुसरा मार्गच उरला नाही, तरच वापरायची, तीही गरजेपुरती. चोर पळत असेल तर त्याच्या पाठीत गोळी मारणं याला स्वसंरक्षण म्हणत नाहीत. आणि नको असेल तर पोलीस ठाण्यात जमा करता येते.

"ते शेवटचं परत वाच," बाबा म्हणाले.

मी वाचलं.

"कारण सांगावं लागतं?"

"नाही. नको, एवढंच म्हटलं तरी पुरतं."

"असं होय," म्हणून ते गॅलरीत गेले. त्यांना एकदा ऐकून कळत नाही. वय झालं.

नंतर मीच एक ओळ पुढची वाचली. पत्ता बदलला की ठाण्यात कळवायचं असतं. आम्ही कळवलेलंच नाही!

९ मार्च

जेवण गेलं नाही. सकाळीच बाबांना घेऊन ठाण्यात गेले. मला वाटलं होतं, आत टाकतील. हवालदारांनी नवा पत्ता लिहून घेतला, उशिराबद्दल दोन शब्द सुनावले आणि म्हणाले, "परवाना पुढच्या महिन्यात संपतोय. नूतनीकरण करायचं तर डोळे तपासल्याचा दाखला लागेल."

हुश्श. बाहेर येऊन मी दोन केळी एकदम खाल्ली. बाबांनी विचारलं, "डोळ्यांचं काय म्हणाला तो?" मी परत सांगितलं. "डोळे बरे नसले तर?" "तर परवाना मिळणार नाही. पण तुम्ही काळजी करू नका, मीच करून देते सगळं." त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली.

आज संध्याकाळी पुन्हा त्यांनी 'ते जमा करायचं' वाचून घेतलं.

१७ मार्च, रविवार

अक्षर वाईट आलं तर येऊ दे.

दुपारी जेवणं चालू होती. जिन्यातून सेक्रेटरींचा आवाज आला, "चोर! चोर! टीव्ही नेतोय! दादा, बंदूक!" मग सगळ्या मजल्यांवरून तेच, दादा बंदूक, दादा बंदूक. बाबा ताटावरून उठले. हातही धुतला नाही. कपाटावरून ती काढली आणि बाहेर गेले. आई म्हणाली, "अहो, जाऊ नका," पण तिचा आवाज कुणाला ऐकू जातो?

मी मागे धावले. जिन्याच्या वळणावर एक माणूस टीव्ही छातीशी धरून उभा. खाली सेक्रेटरी काठी घेऊन, वर बाबा बंदूक रोखून. आणि आम्हा सगळ्यांच्या घरांची दारं उघडी, प्रत्येक दारात माणसं, पोरं, म्हाताऱ्या. त्या माणसाने दोन्ही हात वर केले. टीव्ही खाली पडला. केवढा आवाज झाला!

मग पाचव्या मजल्यावरच्या बाई किंचाळत खाली आल्या, "अहो, जावई आहेत माझे! टीव्ही दुरुस्तीला नेतायत!"

लिफ्ट बंद होती, म्हणून बिचारे जिन्याने निघाले होते.

पुढे सगळे हसले. सेक्रेटरी तर डोळे पुसेपर्यंत हसले. "जावईबापू, आता टीव्ही दुरुस्तीच्या पलीकडे गेला!" जावईही हसले, पण पायरीवर बसूनच. फक्त शेजारच्या शिवणाच्या मावशी हसल्या नाहीत. त्या बाबांच्या हाताकडे बघत होत्या.

घरी आल्यावर मी विचारलं, "बाबा, रिकामीच होती ना?"

"रिकामीच," ते म्हणाले आणि बंदूक घेऊन मोरीत गेले. दार लावलं. बराच वेळ नळ चालू होता. जेवण मात्र तसंच राहिलं.

रिकामी होती, हे देवाचे उपकार.

१८ मार्च

कपडे धुताना बाबांच्या कालच्या शर्टाच्या खिशात काडतूस सापडलं. एक नाही, दोन. किती हा निष्काळजीपणा! नियमात स्पष्ट लिहिलंय, काडतुसं वेगळ्या कुलपात. बाबांसमोर धरली तर ते खालीच बघत राहिले. मी जरा जास्तच रागावले, असं आता वाटतं. पण साबणाच्या पाण्यात गेली असती तर?

कालपासून ते नीट जेवत नाहीत. टीव्ही फुटल्याचं मनाला लागलं असेल. पैसे सोसायटी देणार आहे, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

२४ मार्च, रविवार

काहीही झालं तरी बंदूक कुलपात गेली पाहिजे, हा हट्ट माझा. मी लोखंडी पेटी आणली आणि भिंतीत बोल्टने घट्ट बसवायचं ठरवलं, म्हणजे चोराला उचलून नेता येणार नाही. बाबांनी कुणाचं तरी ड्रिल मागून आणलं.

पहिलंच भोक. ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. जातच राहिलं. आणि भिंतीतून आवाज आला, "अगं बाई गं! कोण आहे रे तिकडे?"

बाबांनी ड्रिल ओढून काढलं. भोकातून उजेड आला. मग तो उजेड गेला आणि तिथे डोळा आला. शिवणाच्या मावशींचा.

"मी इथे ब्लाउजला हुक लावत बसलेय," डोळा म्हणाला, "आणि कानाजवळून हे काय घुसतंय? घर एकच करायचं होतं तर आधी बोलायचं तरी!"

आई हसून हसून खाली बसली. मी माफी मागत त्यांच्याकडे पळाले. त्यांचं शिवणयंत्र त्याच भिंतीला लावलेलं. त्या दिवसभर तिथेच बसतात. खुर्चीत बसलं की भोक बरोबर त्यांच्या कानाच्या उंचीवर येतं.

"कसली पेटी बसवताय?" त्यांनी विचारलं. सांगितलं.

"अस्सं. एक काम कर, तुझ्या बाबांना निरोप दे. तुमच्या घरात चोर आला आणि गोळी झाडायची वेळ आली, तर आधी या भोकातून मला हाक मारायची. मी खाली वाकते, मग झाडा. यंत्राला लागली तरी चालेल, हप्ते फिटलेत त्याचे."

मी हसले, आणि हसता हसता थांबले. भिंतीवर हात ठेवला. वाजवून पाहिली. पोकळ वाजली. आमच्या घराला अशा भिंती तीन बाजूंना आहेत. या बाजूला मावशी. त्या बाजूला नुकतीच बाळंत झालेली शेजारीण. जिन्यापलीकडच्या घरात आजी-आजोबा दिवसभर पलंगावर. आमच्या घरात गोळी कुठल्याही दिशेला सुटली तरी पलीकडे कुणीतरी बसलेलंच आहे. मी इतके नियम वाचले, कुलपं, पत्ते, दाखले, आणि ही भिंत एकदाही वाजवून बघितली नाही.

बाबांना निरोप दिला. त्यांनी भोकाची कड बोटाने चाचपली. पलीकडून यंत्राची खडखड येत होती. "त्या दिवशी जिन्यात दारं उघडी होती सगळ्यांची," ते म्हणाले. मग म्हणाले, "डोळे कधी तपासायचेत?"

म्हणजे त्यांना अजूनही परवाना हवाच आहे. आता यांना कसं समजवायचं? बंदूक गेली की खुर्ची गेली, नमस्कार गेले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळालंय हे. ते मी माझ्या तोंडाने कसं मागू?

२७ मार्च

आज बाबांना दुकानात नेलं. मनातून मला काय हवं होतं, ते लिहायचीही लाज वाटते. बापाचे डोळे अधू निघावेत असं कुठल्या मुलीला वाटतं?

बाबांसारख्या वाचता न येणाऱ्यांसाठी आमच्याकडे वेगळा तक्ता आहे. त्यावर एकच आकृती असते, तीन दातांच्या फणीसारखी. कधी दात वर, कधी खाली, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. दात जिकडे, तिकडे बोट दाखवायचं. वरची ओळ एवढी मोठी की ती रस्त्यापलीकडूनही दिसावी.

सरांनी पहिली फणी दाखवली. दात उजवीकडे. बाबांनी बोट डावीकडे केलं. दुसरी, वर. बाबांनी खाली दाखवलं. सगळा तक्ता झाला. एकही बरोबर आलं नाही. डोळे मिटून अंदाजाने सांगितलं असतं तरी दोन-चार बरोबर आली असती. इतके वाईट डोळे! आणि मी, याच दुकानात काम करणारी, मला घरात कळलं नाही.

माझ्या डोळ्यात पाणी आलं. सर बाबांकडे बघत होते. मग त्यांना एकदम खोकला आला. "तू जरा चहा सांगून ये," मला म्हणाले. परत आले तर दोघं हसत होते. मला बघून गप्प झाले. डोळे गेलेल्या माणसाला सर काय विनोद सांगत होते कोण जाणे.

"दाखला काही देता येणार नाही बुवा," सर गंभीर होऊन म्हणाले. "बंदूक सोडावी लागणार. चष्म्याचं मी बघतो, तू त्यात पडू नकोस."

बाबांनी मोठा सुस्कारा सोडला. दुःखाचा असणार. पण येताना बसस्टॉपपर्यंत ते शीळ घालत चालले होते.

३० मार्च

बंदूक जमा झाली. नूतनीकरणासाठी अर्ज केलाच नाही, 'ठेवायची नाही' एवढंच सांगितलं. डोळ्यांचा विषय तिथे निघालाच नाही. हवालदारांनी काडतुसं मोजून घेतली, पावती दिली. बाबांनी चादर तेवढी घडी करून परत आणली.

आई दारातच उभी होती. "गेली का माहेरी माझी सवत?"

"गेली."

"रडली का?"

"मी नाही रडलो," बाबा म्हणाले. मग आम्ही तिघं जेवायला बसलो. बाबांनी तीनदा भात घेतला. आईने कपाटावरची ती जागा पुसली आणि तिथे लोणच्याची बरणी ठेवली.

मला इतकं हलकं वाटतंय की भीती वाटते. काहीतरी विसरलं नाही ना? पावती पुन्हा पाहिली. आहे.

३१ मार्च, रविवार

पार्किंगमध्ये मीटिंग झाली. सेक्रेटरींचा चेहरा उतरला होता. "दादा, आता आमचं कसं हो?"

"काय करणार," बाबा म्हणाले, "डोळेच गेले. उद्या तुमच्यावरच झाडली असती."

हे ऐकून सेक्रेटरी अर्धं पाऊल मागे सरले. मागून पाचव्या मजल्याचे जावई म्हणाले, "फार चांगलं केलंत," आणि सगळे हसले.

मी ठरवलं होतं गप्प बसायचं, पण बोलले. चोर कुलूप तोडत होता तेव्हा आवाज झालाच असणार. कुणी दार उघडलं नाही, कारण बाहेर कोण आहे ते दिसत नाही. एकाही दाराला बघायचं भिंग नाही, जिन्यातले दिवे बंद, आणि शेजाऱ्याचा फोन नंबर कुणाकडे नाही. आवाज आला तर दार उघडायचं नाही. भिंगातून बघायचं, भिंत वाजवायची, फोन करायचा.

"भिंत वाजवायची सोय आमच्याकडे आधीच आहे," मावशी म्हणाल्या. "आरपार."

ठरलं. दारांना भिंगं बसवायची. कोण बसवणार? बाबा म्हणाले, "ड्रिल आहे माझ्याकडे. आता हात बसलाय."

१४ एप्रिल

बाबा रोज दोन-तीन दारं करतात. प्रत्येक भोक दाराच्या अगदी मधोमध, केसभरही इकडेतिकडे नाही. एवढ्या अधू डोळ्यांनी हे कसं करतात, याचं सगळ्यांना नवल. मी मावशींना म्हणाले, सवयीने होत असेल. मावशी म्हणाल्या, "हो हो, सवयीनेच," आणि सुई बाबांच्या पुढे धरली. "दादा, जरा ओवून द्या." बाबांनी एका झटक्यात ओवली. जवळचं दिसत असेल, लांबचं दिसत नसेल. असं असतं कित्येकांचं.

भोक बुजवायला बाबांनी सिमेंट कालवलं होतं. मावशींनी बुजवू दिलं नाही. म्हणाल्या, असू दे, गप्पांना बरं. आता आई आणि त्या कामं करता करता भिंतीतून बोलतात. बाळंतिणीचं बाळ रडलं तर दोघींना एकदम कळतं आणि कुणीतरी जातं.

सेक्रेटरी काल आले होते. बाबांना खुर्ची द्यायला आमच्याच घरात उठून उभे राहिले.

१९ एप्रिल, शुक्रवार

सकाळी बसस्टॉपवर उभी होते. सवयीने वर बघितलं. बाबा गॅलरीत होते. हातवारे करत होते. चेन, चेन.

मी पिशवीकडे बघितलं. उघडी होती.

लावली. पुन्हा वर बघितलं. रस्त्यापलीकडे, तिसरा मजला. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ते घाईने वळले आणि दोरीवरचे कपडे काढू लागले. कपडे अजून ओले होते, मीच सकाळी घातलेले.

दुपारी दुकानात बाबांचा चष्मा तयार होऊन आला. सर मला म्हणाले, "घेऊन जा, तपासायची गरज नाही." मी तरी यंत्रावर ठेवला. दोन्ही काचा शून्य नंबर. खिडकीच्या काचेसारख्या.

मी प्रत्येक चष्मा दोनदा तपासून देते. हा एकदाच तपासला, डबीत ठेवला आणि घरी आणला. बाबांनी तो घातला, भोकापाशी जाऊन मावशींना दाखवला आणि म्हणाले, "आता कसं, सगळं स्वच्छ दिसतंय."